हिरवे पान थांबवण्याची विद्या

चहाचे कोवळे पान खुडून तळहातावर चुरगळले, तर तासाभरात त्याचा हिरवा रंग उतरतो, कडा तांबूस पडतात आणि कच्च्या पाल्याच्या उग्र वासाच्या जागी फळासारखा गंध येऊ लागतो. यात बाहेरून काही मिसळलेले नसते. पानाच्या पेशीतल्या रिक्तिकेत कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये साठलेली असतात. कोवळ्या पानाच्या कोरड्या वजनाचा जवळपास पाव हिस्सा त्यांचाच असतो. त्याच पेशीतल्या हरितलवकांत पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर असते. विकर, म्हणजेच एन्झाइम, हे स्वतः न संपता रासायनिक क्रियेचा वेग कैक पटींनी वाढवणारे प्रथिन. पान अखंड असते तोवर या दोघांची गाठ पडत नाही. पेशी फुटल्या की ती पडते, हवेतला ऑक्सिजन त्यांत सामील होतो आणि कॅटेचिनांपासून आधी क्विनोन, मग सोनेरी थिआफ्लेविन आणि तपकिरी थिआरुबिजिन तयार होतात. काळ्या चहाचा रंग आणि जिभेला जाणवणारा त्याचा कडकपणा बहुतांशी याच क्रियेतून येतो. हिरवा चहा, ऊलाँग आणि काळा चहा एकाच झाडाच्या पानांचे होऊ शकतात. त्यांतला मुख्य फरक या विकराला किती वाव दिला एवढाच.

इथवरची गोष्ट आता सर्वांना ठाऊक झाली आहे. तिच्यातून निघणारा एक निष्कर्ष मात्र फारसा कोणी मांडत नाही आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. माणसाला हे विकर कळले ते त्याला कामाला लावून नव्हे, तर थांबवून. कारागिरांनी आधी ते अडवायला शिकून घेतले आणि मोकळे सोडण्याची हिंमत त्यानंतर सुमारे नऊशे वर्षांनी केली. विसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांनीही त्याची ओळख पटवली ती विषे घालून, त्याचे काम बंद पाडून. त्याला तांब्याची गरज असते हे चहाच्या मळ्यात दिसले तेही पान काळे पडेनासे झाले तेव्हा. आपल्या स्वयंपाकघरातही हे विकर थांबवण्याच्या रीतीतूनच परिचयाचे आहे. वांग्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात टाकतात, त्या काळ्या पडू नयेत म्हणून. पाणी हवा तोडते आणि मिठातला क्लोराइड आयन याच जातीच्या विकराला काही प्रमाणात रोखतो. हे करणाऱ्यांना विकराचे नाव माहीत असण्याची गरज कधीच पडली नाही.

चहा करण्याची सविस्तर कृती सांगणारा सर्वांत जुना प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे लू यू यांचा ‘छा जिंग’, आठव्या शतकातला, तांग राजवटीच्या काळातला. त्यातला क्रम असा: पाने खुडायची, वाफवायची, कुटायची, साच्यात दाबून वड्या करायच्या, सुकवायच्या आणि ओवून ठेवायच्या. वाफवणे कुटण्याच्या आधी येते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कुटल्याने पेशी फुटतात; विकर शाबूत असताना कुटले असते तर लगदा बघता बघता तपकिरी झाला असता. वाफेने प्रथिनाची घडी उलगडते आणि विकर निकामी होते, म्हणून नंतर कितीही कुटले तरी बिघडत नाही. यावर कोणी म्हणेल की वाफवण्याचा हेतू पान मऊ करणे हा होता, रंग राखणे नव्हे. तसेही असेल. पण हेतू कोणताही असो, वाफवलेले आणि न वाफवलेले पान शेजारी शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना दिसतो, आणि जो फरक दिसतो तो धंद्यात लवकरच दर्जाची खूण होऊन बसतो. दुसरी शंका अधिक वजनदार आहे: वाफवण्याच्या आधीही लोक पाने नुसती उन्हात वाळवत असणार, आणि अशा पानात विकर थोडेफार काम करतेच, मग मोकळे सोडणेच आधीचे नाही का? मला तसे वाटत नाही. उन्हात वाळणाऱ्या पानात विकर किती चालेल हे ऊन, वारा आणि पानाचा जाड-पातळपणा ठरवतात, माणूस नव्हे. विकरावरचा हुकमी ताबा पहिल्यांदा दिसतो तो वाफेत, आणि तो अडवण्याचा ताबा आहे.

पुढे शतकानुशतके हीच विद्या सुधारत गेली. १३९१ मध्ये मिंग सम्राट होंगवू यांनी नजराण्यातल्या दाबलेल्या वड्या बंद करून सुट्या पानांचा चहा मागवायला सुरुवात केली, आणि त्या राजवटीत वाफेऐवजी तापलेल्या लोखंडी कढईत पाने परतण्याची रीत रुळली. कढईत पाण्याचा अंश वाढत नाही, उलट घटतो, आणि भाजका सुगंध चढतो; विकराला मात्र दोन्ही रीतींत एकाच कारणाने विराम मिळतो. जपान वाफेलाच चिकटून राहिला. उजीजवळच्या नागातानी सोएन यांनी १७३८ मध्ये वाफवलेली पाने तापल्या पृष्ठभागावर हातांनी वळून सुकवण्याची जी पद्धत बसवली, तिच्यातून आजचा सेन्चा हा हिरवा चहा आला. ही कृती किती नेमकी होती याची साक्ष पुढे एका वेगळ्याच शोधाने दिली. १९२४ मध्ये मिचियो त्सुजिमुरा आणि सेइतारो मिउरा यांना हिरव्या चहात क जीवनसत्त्व सापडले. हे जीवनसत्त्व क्विनोनांशी गाठ पडताच त्यांना पुन्हा मूळ रूपात आणण्यात स्वतः खर्ची पडते, म्हणून काळ्या चहात ते जवळजवळ उरत नाही. हिरव्या पानात ते टिकले, याचा अर्थ क्विनोन तयार होण्याआधीच दार बंद झाले होते. त्सुजिमुरा यांनीच पुढे १९२९ मध्ये हिरव्या चहातून शुद्ध कॅटेचिन वेगळे केले. ज्या पानांत विकराला हात लावू दिलेला नाही, त्यांतच त्याचे कच्चे द्रव्य जसेच्या तसे हाती लागावे, हे साहजिकच होते.

काळा चहा सतराव्या शतकात फूज्यान प्रांतातल्या वूयी डोंगरात उभा राहिला. त्याच्या जन्माची एक कथा सांगतात: फौजेचा मुक्काम पडला, पाने वेळेवर परतता आली नाहीत, ती काळवंडली आणि ओल्या पाइनच्या धुरावर घाईने सुकवून विकली गेली. कथा म्हणून ती ऐकावी, पुरावा म्हणून नव्हे. पण तिला न धरताही एवढे म्हणता येते की काळा चहा हा निष्काळजीपणातून नित्य निघणारा माल होऊ शकत नाही. पान पडू दिले तर ते काळे होते खरे, पण तिथेच थांबत नाही. पुढे रंग मंदावतो, तरतरी जाते, आंबूस वास येतो. विकायच्या लायकीचा काळा चहा मिळतो तो क्रिया ऐन भरात असताना आचेने तोडली तरच. म्हणजे सोडण्याची कला ही थांबवण्याच्या कलेवरच उभी आहे. कढई आणि कोळशाची शेगडी हाती असलेल्या, पानाला आच कधी आणि किती द्यायची याचे पिढ्यांचे शिक्षण झालेल्या मुलखातच ती निघू शकली. युरोपला यातले काहीच दिसत नव्हते. लिनियस यांनी १७६२ मध्ये हिरव्या आणि काळ्या चहाची झाडेच दोन वेगळ्या जातींची मानली. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी १८४० च्या दशकात चीनच्या आतल्या भागांत हिंडून दोन्ही एकाच झाडापासून करता येतात हे डोळ्यांनी पाहिले, तेव्हा तो गैरसमज हटला. ऐंशी वर्षे विज्ञानाने जो भेद झाडात शोधला तो कृतीत होता.

आसामात ही कृती चिनी कारागिरांबरोबर आली. चार्ल्स ब्रूस यांनी १८३८ मध्ये कलकत्त्यात छापलेल्या छोट्या पुस्तिकेत सादिया येथे त्या कारागिरांनी काळा चहा कसा केला हे बारकाईने नोंदवले आहे: पाने उन्हात पसरून मरगळू द्यायची, हातांनी थापटायची, वळायची, परतायची, पुन्हा वळायची. पुढच्या जानेवारीत आसाम चहाच्या आठ पेट्या लंडनच्या लिलावात गेल्या. १८७० च्या दशकात विल्यम जॅक्सन यांची वळण्याची यंत्रे आणि सॅम्युएल डेव्हिडसन यांच्या गरम हवेच्या भट्ट्या आल्या, आणि १८८८ मध्ये ब्रिटनने पहिल्यांदा चीनपेक्षा जास्त चहा भारतातून घेतला. हा सारा विस्तार एका घड्याळाला बांधलेला होता. खुडलेले पान वाट पाहत नाही. टोपलीत दाबले गेले, तापले, तर तिथेच लाल पडते. म्हणून कापसासारखा हा माल गाठोडी बांधून दूरच्या गिरणीकडे पाठवता येत नाही. कारखाना मळ्यातच लागतो, हंगामात रात्रभर चालतो, आणि त्याला हाकेच्या अंतरावर मजूर लागतात. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांची आखणी ज्या कारणाने उसाच्या शेतांभोवती झाली, तेच कारण इथे आहे: तुटलेल्या उसातही विकरे साखर फोडू लागतात आणि गाळपाला उशीर झाला की उतारा घसरतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. चहाच्या धंद्याचा इतिहास म्हणजे अफू, तोफा, करार आणि पाठीवरचे वळ यांचा इतिहास आहे. १८६५ च्या कायद्याने पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार मळेवाल्याला दिला होता. अशा इतिहासाचे कारण पानातल्या प्रथिनात शोधणे म्हणजे माणसांचा गुन्हा निसर्गाच्या माथी मारणे नव्हे काय? आक्षेपाचा पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. दुसऱ्याला चीनचेच उत्तर आहे. तिथे हेच झाड, हेच विकर आणि हेच घड्याळ होते. पण लहान शेतकरी आपल्याच घरी पान मरगळवून, वळून, पहिली आच देऊन थांबवत आणि तो कच्चा चहा व्यापाऱ्याला विकत. व्यापारी तो सावकाश निवडून, पुन्हा भाजून, पेटीबंद करत. काही तासांत पान थांबवले पाहिजे, एवढीच अट विकराने घातली. ती अट घरच्या कढईने पाळायची की कुंपणात कोंडलेल्या मजुरांनी, हे माणसांनी ठरवले. तरीही अट नीट समजून घेतल्याशिवाय त्या निर्णयाचे मोलही कळत नाही. मळेवाले ‘निकड’ म्हणून जे पुढे करत, त्यातली खरी निकड किती आणि सोय किती, हे अटीच्या नेमक्या मापानेच वेगळे करता येते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यांना पडलेला प्रश्न वेगळा होता: वळल्यानंतर ओलसर थंड खोलीत पसरलेल्या पानात घडते ते काय? त्या टप्प्याला सगळे फर्मेंटेशन म्हणत होते आणि पाश्चरच्या छायेतल्या त्या काळात फर्मेंटेशन म्हटले की सूक्ष्मजंतू डोळ्यांसमोर येत. तसे असते तर चांगल्या चहाला चांगले जंतू लागले असते आणि खोलीतली घाण जपावी की धुवावी हाही प्रश्न पडला असता. १८९७ मध्ये एदुआर्द बुखनर यांनी यीस्टच्या पेशी पूर्ण चिरडून काढलेल्या रसातही साखरेचे मद्य होते हे दाखवले आणि वातावरण बदलले. चारच वर्षांत, १९०१ मध्ये, टोकियोत के. आसो यांनी चहा तयार होण्यात ऑक्सिडीकरण करणाऱ्या विकराचा वाटा दाखवला. वाफवलेले पान काळे का पडत नाही, याचे उत्तर त्यांनी वाफेने मेलेल्या विकरात दिले. सिलोनमध्ये केलवे बँबर आणि त्यांचे सहकारी त्याच दिशेला होते, आणि कलकत्त्यात इंडियन टी असोसिएशनचे शास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांनी १९०१ ते १९०४ या काळात तीन भागांत चहाच्या पानातले विकर आणि चहाचा दर्जा यांचा संबंध मांडला.

मान हे नाव मराठी वाचकाला दुसऱ्या कारणाने परिचित असायला हवे. १९०७ मध्ये ते पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा त्यांनी केलेला घरोघरचा अभ्यास १९१७ मध्ये ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ या नावाने निघाला; १९२१ मध्ये ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुकचा दुसरा आला. जमिनीचे तुकडे, कर्ज, उत्पन्न यांचे घरवार हिशेब मांडणारा हा माणूस आधी चहाच्या पानातल्या विकराचे हिशेब मांडत होता. दोन्ही कामांत एकच सवय दिसते: समजूत बाजूला ठेवून मोजायला बसायचे. आसामच्या चहावर त्यांनी लिहिलेले पुण्यातल्या ग्रामीण अभ्यासाइतके वाचले जात नाही, याची मला खंत वाटते.

विकर आहे एवढे ठरले, पण कोणते, हे ठरायला आणखी चाळीस वर्षे लागली, आणि या काळातली सगळी मजल निरोधकांच्या जोरावर मारली गेली. विकराचे प्रथिन पुष्कळदा एकट्याने काम करू शकत नाही. त्याला धातूचा आयन किंवा एखादा छोटा सेंद्रिय रेणू जोडीला लागतो. त्याला सहघटक म्हणतात. ही कल्पना पॅरिसमध्ये गाब्रिएल बर्त्रां यांनी १८९७ मध्ये मांडली, आणि तीही चहातल्या विकराच्या भाऊबंदांतल्याच एका विकरावरून: पूर्व आशियातल्या लाखेच्या झाडाचा चीक हवेत काळा आणि टणक करणारे लॅकेज. त्यांना त्याच्या राखेत मँगनीज सापडले, मँगनीज घातल्यावर क्रिया वाढली, आणि मँगनीज हाच त्याचा जोडीदार असे त्यांनी ठरवले. जोडीदार असतो हे बरोबर निघाले, धातू चुकीचा. १९३९ मध्ये केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन आणि थॅडियस मान (पुण्याच्या मानांशी यांचे नाते नाही) यांनी लॅकेजमध्ये तांबे असल्याचे दाखवले. घालून काय वाढते यावरून सहघटक ओळखला तर फसगत होते, काढून काय बंद पडते यावरून ओळखला तर क्वचितच. आणि बर्लिनच्या फ्रिट्झ कुबोवित्झ यांनी १९३७-३८ मध्ये बटाट्यातल्या पॉलिफिनॉल ऑक्सिडेजवर नेमके हेच केले होते. प्रथिनातले तांबे काढून घेतले, विकर निर्जीव झाले. तांबे परत दिले, ते पुन्हा चालू लागले. आज आपल्याला माहीत आहे की या विकराच्या गाभ्यात तांब्याचे दोन अणू शेजारी असतात आणि ऑक्सिजनचा रेणू त्यांच्यामध्ये धरला जातो.

विषांचा उपयोग याहूनही सूक्ष्म होता. सायनाइड लोहाच्या विकरांना रोखते आणि तांब्याच्याही, त्यामुळे त्याच्याने एवढेच कळते की आत धातू आहे. कार्बन मोनॉक्साइड अधिक बोलका. ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले होते की श्वसनातल्या लोहयुक्त विकराला या वायूने घातलेला अडसर प्रखर उजेड पडला की सुटतो. बटाटा आणि अळंबी यांतल्या पॉलिफिनॉल ऑक्सिडेजलाही हा वायू रोखतो, पण तो अडसर उजेडाने सुटत नाही. एकाच विषाने थांबलेली दोन विकरे दिव्याखाली वेगळी वागतात आणि त्यावरून आतला धातू ओळखता येतो. इतका साधा आणि इतका खोल पुरावा जीवरसायनशास्त्रात फार थोड्या ठिकाणी आहे. चहाच्या बाबतीत मात्र गोंधळ लांबला. आसामातल्या टोकलाई प्रयोगकेंद्रातले ई. ए. एच. रॉबर्ट्स यांना आधी पेरॉक्सिडेजचा आणि मग सायटोक्रोम ऑक्सिडेजचा संशय होता. दोन्ही लोहाची विकरे, दोन्ही सायनाइडला बळी पडणारी. सिलोनच्या चहा संशोधन संस्थेतून एच. बी. श्रीरंगाचार यांनी १९४३ मध्ये तांब्याच्या पॉलिफिनॉल ऑक्सिडेजची बाजू मांडली, आणि १९५० चे दशक आले तोवर तीच टिकली. रॉबर्ट्स यांनी त्यानंतर विकराकडून त्याने बनवलेल्या द्रव्यांकडे मोर्चा वळवला. थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन यांची पहिली स्पष्ट वर्गवारी त्यांच्या पेपर क्रोमॅटोग्राफीतून आली.

काटेकोर जीवरसायनज्ञ इथे मला अडवील. निरोध आणि नाश यांत फरक आहे, तो म्हणेल. निरोधक विकराला धरतो: कधी कच्च्या द्रव्याची जागा अडवून, कधी धातू पकडून, आणि बहुतेक वेळा त्याला काढून टाकले की विकर पुन्हा चालते. कढईत विकर मरते, ते काही निरोधन नव्हे. मग वाफ, कढई आणि सायनाइड एका माळेत कसे ओवता? शब्दांपुरता त्याचा मुद्दा बरोबर आहे. पण चहाच्या कारखान्यात ही सीमारेषा पाठ्यपुस्तकाइतकी ठळक नसते. शेवटच्या भट्टीत पान थांबते ते काही अंशी आचेने आणि काही अंशी पाणी गेल्याने. ओल सुमारे तीन टक्क्यांवर आणली म्हणजे विकराला हालचाल करायला माध्यमच उरत नाही. पेरॉक्सिडेज हे आच सोसणारे विकर तयार चहातही थोडे शिल्लक राहते आणि दमट हवेत पेटी उघडी पडली की हळूहळू चाळवते. पावसाळ्यात चहा ‘उतरतो’ त्याचे एक कारण हे. म्हणजे कारागिराने जे केले ते पुष्कळदा नाश नव्हताच, परत उठू शकणाऱ्या विकराला कोरडे ठेवून बसवणे होते. आणखी एक अडसर तर विकर स्वतःच तयार करते. क्विनोन मोठे चिकट असतात. ते प्रथिनांना जाऊन बिलगतात, त्यांत त्यांना घडवणारे विकरही सुटत नाही. पान जसजसे काळवंडते तसतशी विकराची ताकद ओसरते. पानाला फार वेळ ठेवून फायदा नाही, पहिल्या तासा-दीड तासातच बाजी मारायची असते, हा कारखान्यातला जुना अनुभव. त्यामागे हे स्वतःच्याच उत्पादनाने होणारे खच्चीकरण आहे. विल्यम मॅकर्चर यांनी १९३० च्या सुमारास आसामात बसवलेल्या सीटीसी यंत्राने नेमका याचाच लाभ घेतला. दातेरी रूळांमध्ये पान असे चिरडले, फाडले आणि मुरडले जाते की जवळपास सगळ्या पेशी एकदम फुटतात, विकर ताजेतवाने असताना सारे कॅटेचिन त्याच्या पुढ्यात येते आणि थोड्या वेळात दाट रंगाचा, दुधाला पुरून उरणारा चहा मिळतो. दुधातले केसीन तुरट द्रव्यांना बांधून टाकते, म्हणून दुधाच्या चहाला मुळात कडक पत्ती लागते. आपल्याकडच्या टपरीवरचा चहा या यंत्राखेरीज आजच्यासारखा झाला नसता.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जुना आहे: हे सारे कारागिरांना नावाविना येतच होते, मग विज्ञानाने भर कसली घातली? जिथे पान नेहमीसारखे वागते तिथे भर थोडीच. वास घेऊन ‘आता भट्टीत घाला’ म्हणणारा जाणकार अजूनही मापकांच्या तोडीस तोड ठरतो. पण न्यासालँडमध्ये, म्हणजे आजच्या मलावीत, काही मळ्यांवरचे पान नेहमीसारखे वागेना. झुडपे दिसायला ठीक, वळणेही ठीक, पण पसरलेले पान हिरवटच राही. कितीही वेळ दिला तरी त्याला रंग चढेना. इथे हात आणि नाक यांचा इलाज संपतो, कारण दोष कृतीत नव्हताच. १९५० च्या दशकात उलगडा झाला की त्या जमिनीतून झाडाला तांबेच पुरेसे मिळत नव्हते. कॅटेचिन होते, ऑक्सिजन होता, विकराला जोडीदार नव्हता. झुडपांवर तांब्याच्या क्षाराची फवारणी केली आणि पान लाल होऊ लागले. कुबोवित्झ यांनी बटाट्याच्या रसात जे केले होते, ते निसर्गाने इथे एका डोंगराळ मुलखात करून ठेवले होते: सहघटक काढून घेतलेला, परत देताच क्रिया सुरू.

हॅरॉल्ड मान यांनी न्यासालँडच्या चहावर एक अहवाल लिहिला होता, १९३३ मध्ये. विकर आणि दर्जा यांची सांगड घालण्यात तिशी ओलांडलेला अनुभव त्यांच्यापाशी होता, जमिनीचे रसायन तर त्यांचा हातखंडा विषय. तरीही त्या वर्षी हा दोष ओळखणे त्यांना शक्य नव्हते, कारण या विकराचा धातू तांबे आहे हे जगात कुणालाच ठाऊक नव्हते; बर्लिनचा बटाटा अजून चार वर्षे पुढे होता. दक्षिण भारतात आणि सिलोनमध्ये मात्र ही उणीव जाणवण्याचे कारणच उरले नाही. १९४६ मध्ये तिथे पानांवर फोड आणणारी बुरशी आली, आणि तिच्यासाठी मळ्यांवर वर्षानुवर्षे तांबेयुक्त औषधे फवारली गेली.